थीसिस नुसतीच फुगतेय? कापताना या चुका टाळा

शब्दमर्यादा ओलांडली की बरेच जण थेट पॅरेच उडवायला घेतात, एखादा तक्ता काढतात, चर्चेचा भाग छाटतात, आणि खरा फुगवटा मात्र वाक्यांमध्ये तसाच राहतो. आधी वाक्यं बघा.

हे घ्या: "प्रस्तुत अभ्यासाच्या माध्यमातून असे निदर्शनास आले आहे की, विद्यार्थ्यांच्या झोपेच्या कालावधीमध्ये झालेली घट ही त्यांच्या स्मरणशक्तीवर नकारात्मक स्वरूपाचा परिणाम करण्यास कारणीभूत ठरते." 22 शब्द झाले. त्यातले पहिले 8 काहीच सांगत नाहीत, आणि क्रियापद काय तर 'ठरते', खरी गोष्ट 'घट' आणि 'परिणाम' या नामांत अडकलीये. आता हे वाचा: "कमी झोपणाऱ्या विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती कमी आढळली." 6 शब्द. आणि गंमत म्हणजे छोटं केल्यावर एक लोचा उघडा पडतो, तुम्ही एकदाच सर्व्हे केला असेल तर त्यावरून 'कारणीभूत' म्हणताच येत नाही, फक्त संबंध दिसतो. लांबलचक वाक्यात असा जास्तीचा दावा गाईडच्या नजरेतूनही सुटतो, म्हणून मला हे काम नुसतं भाषेचं वाटत नाही.

'करण्यात आले', 'च्या संदर्भात', 'स्वरूपाचे' हे फाईलमध्ये सर्च करून एकेक तपासा, निम्मे तरी सहज जातील.

सगळ्यात जास्त जागा वाचते ती पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात. प्रत्येक संशोधकाला वेगळा पॅरा द्यायचा, याने काय केलं, तो काय म्हणाला, ही सवय सोडा. चौघांचा निष्कर्ष एकच असेल तर वाक्य एक आणि संदर्भ चार, बस.

उलटी चूकही होते. कापायच्या भरात सॅम्पल साइज, एककं, अभ्यासाच्या मर्यादा जातात, त्या राहू द्या. शंकाही ठेवा पण एकदाच, 'बहुधा' पुरे, "असे म्हणता येण्याची शक्यता नाकारता येत नाही" कशाला?

अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) बसत नाहीये? बऱ्याच जर्नल्समध्ये त्याला 150 ते 250 शब्दच मिळतात आणि त्यातले निम्मे शब्द लोक पार्श्वभूमीवर घालवतात. ती एका वाक्यात उरका, निकालाचे आकडे द्या.

आणि कापून झाल्यावर मजकूर तुटक वाटला तर मोठ्याने वाचा, बहुतेक वेळा 'पण', 'म्हणून', 'तरीही' हे शब्दही गेलेले असतात, ते परत घाला, युक्तिवाद त्यांच्यावरच चालतो.