इंग्रजीच्या तासाला वर्णद्वेषाविषयी शिकवताना या चुका टाळा

ऐरोली-कोपरखैरण्याकडच्या शाळांत सातवी-आठवीला वर्णद्वेषाचा विषय निघाला की पुष्कळदा अमेरिकेत बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांच्यावर नाटुकले बसवले जाते, आणि पहिली चूक पात्रे ठरवतानाच होते. मीही एकदा वर्गातील सर्वांत सावळ्या मुलीला रोझा केले होते. बसचालकाचे दरडावणे मुलांना इतके आवडले की मधल्या सुट्टीतही ती तिला बाकावरून उठवू लागली, आणि ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तेव्हापासून अपमानाचा प्रसंग मी मुलांकडून करवून घेत नाही. चालकाचे शब्द स्वतः वाचून दाखवते आणि त्या बसमध्ये गप्प बसलेल्या प्रवाशाने रात्री लिहिलेली डायरी त्यांना लिहायला सांगते. त्यात ‘शुड हॅव’ची रचना आपोआप येते.

रोझा यांना ‘दमलेली शिंपीण’ म्हणून रंगवणे ही दुसरी चूक. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरीत जागा सोडण्यास नकार देणाऱ्या ४२ वर्षांच्या रोझा नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, आणि पुढचा बस-बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्या बहिष्काराची पत्रके मुलांना इंग्रजीत लिहू द्यावीत. एकटीच्या धाडसामागची संघटना त्यांना लिहिता लिहिताच उमगते.

चित्र काढताना फिकट गुलाबी खडूला ‘स्किन कलर’ म्हणू देऊ नये. प्रत्येकाने रंग मिसळून आपल्या हाताची छटा तयार करावी आणि तिला इंग्रजीत नाव द्यावे, मात्र छटांची तुलना करू नये. ‘फेअर’ हा शब्द तर सोडूच नये, कारण गोरा आणि न्याय्य हे त्याचे दोन्ही अर्थ मुलांच्या कानावर रोज पडतात. त्यावर कविता लिहवून घेतली, तर ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये का बदलले, हा प्रश्न मुलेच विचारतात.

विषय अमेरिकेतच ठेवला, तर मुले निवांत राहतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली, हे सांगितले की वर्ग सावध होतो. जात आणि वर्ण एकच आहेत असे मात्र शिकवू नये. दोहोंतील साम्य आणि फरक मुलांनी समोरासमोर मांडावेत.

आणि एखाद्या मुलाने रंगावरून झालेला स्वतःचा अपमान मोडक्या इंग्रजीत लिहिला असेल, तर त्या पानावर लाल पेन चालवू नये; क्रियापदाची चूक दुसऱ्या दिवशी वेगळ्या वाक्यातून सुधारता येते.