किनारपट्टीच्या बागेत हिवाळ्याचे रंग

कोकणच्या किनारपट्टीवर हिवाळी फुलांची आखणी करताना थंडीवर भरवसा ठेवू नये. रत्नागिरीत जानेवारीतही दुपारचे तापमान 30 अंशांच्या पुढे जाते आणि रात्रीचे सरासरी 19 अंशांच्या आसपास असते. त्यामुळे घाटावरून विक्रीला येणारी पॅन्सीसारखी थंड हवेची रोपे काही दिवस सुरेख दिसतात आणि मग दुपारच्या उन्हात माना टाकतात. त्यांच्यावर पैसे न घालवलेले बरे. आपल्याकडे हिवाळ्यात खऱ्या अर्थाने दोनच गोष्टी बदलतात. दिवस लहान होतो आणि पाऊस सरून जमीन कोरडी पडू लागते. या दोन बदलांना फुलून प्रतिसाद देणारी झाडे निवडली, तर डिसेंबरपासून शिमग्यापर्यंत अंगणात रंग टिकतो.

लहान दिवसावर फुलणाऱ्या झाडांत शेवंती आणि लालपत्ती, म्हणजे पॉइन्सेटिया, ही प्रमुख होत. आपल्या अक्षांशावर जूनमधला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडा अधिक, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. फरक थोडा वाटला तरी या झाडांना तो पुरतो. लालपत्तीला सप्टेंबरअखेरपासून रोज रात्री सलग अंधार मिळाला, तर साधारण दोन महिन्यांत शेंड्याकडची पाने लाल होतात. ही लाल पाने म्हणजे फुले नव्हेत. खरी फुले मधोमध असलेल्या बारीक पिवळट गुच्छांत असतात. मात्र पडवीतला रात्रभर जळणारा दिवा किंवा रस्त्यावरचा खांब जवळ असेल, तर झाड उत्तम वाढूनही हिरवेच राहते. खत बदलून याला उपाय होत नाही, जागा बदलावी लागते. शेंडे खुडण्याचे काम ऑगस्टअखेर संपवावे आणि छाटणी करताना निघणारा पांढरा चीक अंगाला किंवा डोळ्यांना लागू देऊ नये. शेवंतीचे गणितही असेच आहे, परंतु तिचा खरा शत्रू आपला पावसाळा. उघड्यावर राहिली, तर आषाढ-श्रावणात तिची मुळे कुजतात. म्हणून मृगापूर्वीच ती कुंडीत घेऊन वळचणीच्या आत, पण उजेडात ठेवावी आणि पाऊस ओसरल्यावर उन्हात आणावी.

कोरडेपणावर फुलणारी राणी बोगनवेल. खारा वारा, जांभ्याची आम्ल माती आणि उघडी जागा ही तिघेही तिला मानवतात, म्हणून समुद्राकडच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तिच्याइतके खात्रीचे झाड दुसरे नाही. पाऊस थांबता थांबता, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तिच्या लांब फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात, कारण फुलोरा नव्या फुटव्यांच्या टोकाशी येतो. त्यानंतर हात आवरता घ्यावा. पाने किंचित मलूल दिसेपर्यंत पाणी देऊ नये, आणि देताना मात्र मुळांपर्यंत पोहोचेल असे भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे पाणी आणि वर नत्रयुक्त खत मिळालेली बोगनवेल नुसती पानांनी माजते, आणि मग रोपवाटिकेवाल्याने जात खराब दिली अशी तक्रार ऐकू येते. तिला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे घराच्या उत्तरेकडची बाजू दिवसाचा बराच वेळ सावलीत जाते, हे जागा ठरवताना ध्यानात घ्यावे. दक्षिणेकडे मांडव असेल, तर त्यावर संक्रांतवेल चढवावी. जानेवारीच्या सुमारास तिला येणारे नारिंगी नळीदार फुलांचे घोस संपूर्ण मांडव झाकून टाकतात. बाकीचे वर्ष ती साधी हिरवी वेल असते, एवढे सोसण्याची तयारी मात्र हवी.

माडाखालच्या अर्धसावलीसाठी अबोली आणि कोरांटी. निळी-जांभळी कोरांटी पाऊस संपताच फुलू लागते, तर पिवळी काटेरी असल्याने कुंपणालाही चालते. अबोलीला गंध नसला, तरी तिची फुले लवकर कोमेजत नाहीत, म्हणूनच ती वेणीत माळण्यासाठी लावली जाते. तिची वाळलेली बोंडे पाण्याने भिजली की तडकून बिया दूर उडतात, त्यामुळे मूळ झाडाभोवती रोपे आपोआप मिळतात. तिच्या मुळांवर सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींच्या, गाठी होतात. यासाठी अबोली लावण्याआधी त्याच वाफ्यात झेंडूचे एक पीक घेणे उपयोगी पडते, कारण झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना आळा घालतात.

झेंडूबद्दल फार सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी पेरावे, तीन-चार आठवड्यांची रोपे वाफ्यात लावावीत, मोठ्या जातीत फूटभर आणि बुटक्या जातीत त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर ठेवावे, आणि रोप वीतभर झाल्यावर एकदा शेंडा खुडावा. आपली माती आम्ल असल्याने वाफ्यात भरपूर कुजलेल्या शेणखताबरोबर मूठभर चुना लावणीच्या काही आठवडे आधी मिसळावा. झेंडूला तो चालतो. बोगनवेलीच्या किंवा एक्झोरा या फुलझुडपाच्या बुंध्याशी मात्र घालू नये.

डिसेंबरपासून वाफ्यांवर पातेऱ्याचा, म्हणजे वाळलेल्या पानांचा, चार बोटे थर द्यावा, म्हणजे जांभ्याच्या भरभर निथळणाऱ्या जमिनीत ओल टिकते आणि विहिरीवरचा भार हलका होतो. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्यावे. संध्याकाळी भिजलेली पाने पहाटेच्या दवात आणखी ओली राहून बुरशी धरतात. हवा कोरडी झाली की झेंडूच्या पानांमागे लाल कोळी दिसू लागतो. सुरुवातीला पानांच्या मागच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, त्याने न आवरल्यास लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निमतेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. वानरांवर असा कोणताही फवारा नाही. ती जास्वंदीच्या कळ्या आवडीने खातात, पण काटेरी बोगनवेलीच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि वानरांचा वावर असलेल्या वाडीत निवड करताना ही बाब रंगापेक्षा महत्त्वाची ठरते.

फेब्रुवारीत शेवंतीचा बहर ओसरल्यावर तिचे दांडे जमिनीपासून वीतभर ठेवून कापावेत. बुंध्याशी फुटणारे मुनवे मुळांसह वेगळे करून लहान कुंड्यांत लावावेत आणि उन्हाळाभर दुपारच्या उन्हापासून जपावेत. लालपत्ती मार्चमध्ये निम्म्यावर छाटावी. तिच्या पक्व फांद्यांचे तुकडे चीक वाळू देऊन मे-जूनमध्ये लावले, तर पुढच्या हिवाळ्यासाठी रोपे विकत घ्यावी लागत नाहीत.