वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट: प्रोफेशन निवडताना या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये एका कॅरेक्टरला मुख्य प्रोफेशन, म्हणजे माल गोळा करायचे किंवा बनवायचे धंदे, दोनच घेता येतात. म्हणून नवे खेळाडू आधी विचारतात, सगळ्यात जास्त गोल्ड (गेममधलं चलन) कशात आहे? पण अल्केमी (पोशन म्हणजे काढे बनवणं) घ्या नाहीतर ब्लॅकस्मिथिंग (शस्त्रं-चिलखतं घडवणं), हिशेब कच्चा असेल तर दोन्हींत नुकसानच होईल.

"हर्ब मी स्वतः गोळा केले, म्हणजे फुकटच की!"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोळा केलेल्या मालालाही बाजारभाव असतो. समजा, एका पोशनला लागणारे हर्ब, म्हणजे वनस्पती, १२० गोल्डला जातात. ऑक्शन हाउसची (गेममधल्या बाजाराची) आडत ५ टक्के, म्हणजे हर्ब थेट विकले तर ११४ हातात येतात. तेच पोशन करून ११८ ला विकलं, तर आडत जाऊन मिळतात जेमतेम ११२. मेहनत करून दोन गोल्ड घालवले! मल्टिक्राफ्ट या गुणामुळे कधी एकाऐवजी जास्त पोशन निघतात, रिसोर्सफुलनेस या गुणामुळे मटेरियल वाचतं. खरा नफा बहुतेकदा तिथूनच येतो. या दोन गुणांचे आकडे तुमच्याकडे कमी असतील तर सरळ हर्ब विका, त्यात कमीपणा काहीच नाही. नवख्यांनी तर हर्बलिझम (हर्ब गोळा करणं) आणि मायनिंग (धातू खणणं) या जोडीनेच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. भांडवल लागत नाही आणि भाव कसे हलतात ते कळतं.

माल पडून राहतो?

आधी माल कोणता ते बघा. ऑगस्ट २०२२ च्या ९.२.७ पॅचपासून हर्ब, धातू, पोशन असा सुटा माल संपूर्ण रीजनमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या सर्व्हरवर, विकला जातो. शस्त्रं-चिलखतं मात्र अजून आपापल्या रीअल्मपुरतीच (सर्व्हरपुरतीच). ओस पडलेल्या रीअल्मवर तलवारी घडवत बसलात तर गिऱ्हाईक येणार कुठून? तिथे पोशन, फ्लास्क असा रोज संपणारा माल करा.

दुसरं म्हणजे, भाव पाडू नका. सुट्या मालात भाव सारखा असेल तर शेवटी टाकलेला माल आधी विकला जातो. त्यामुळे सगळ्यात कमी भाव दिसेल त्याच भावाला टाकणं पुरतं. प्रत्येकाने थोडं थोडं खाली उतरवत नेलं की संध्याकाळपर्यंत कुणालाच काही सुटत नाही.

सगळ्या फांद्यांवर थोडे थोडे नॉलेज पॉइंट

२०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून प्रोफेशनमध्ये स्पेशलायझेशन आलं, म्हणजे नॉलेज पॉइंट घालून एखाद्या शाखेत तरबेज होणं. पॉइंट आठवड्याला मोजकेच मिळतात, म्हणून एकच शाखा पूर्ण करा. ब्लॅकस्मिथने शस्त्रं धरली तर शस्त्रंच. गिऱ्हाईक क्राफ्टिंग ऑर्डर (वस्तू बनवून देण्याची मागणी) देतं ते वरच्या दर्जासाठी. सगळं थोडं थोडं येणाऱ्याला त्या ऑर्डर मिळत नाहीत. उत्तम चिलखत तर बनवणाऱ्यालाच चिकटतं, ऑक्शनला टाकता येत नाही. ऑर्डरवर केलं तर ते गिऱ्हाइकाला जातं, म्हणून तिथे ऑर्डर हाच धंदा. ट्रेड चॅटमध्ये काय बनवता ते स्पष्ट लिहा, दर आधी सांगा आणि उत्तर लवकर द्या. एकदा काम नीट झालं की तेच लोक पुन्हा विचारतात.

कॉन्सन्ट्रेशन भरून सांडतंय

२०२४ च्या द वॉर विदिन या विस्तारात आलेलं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे खर्च केलं की वस्तूचा दर्जा वाढवणारा साठा, दिवसाला सुमारे २५० भरतं आणि १००० ला थांबतं. म्हणजे चार दिवस हात लावला नाही की पुढचं सगळं वाया. रोज खेळायला वेळ नसेल तरी तीन दिवसांतून एकदा लॉगिन करा आणि ते ज्या वस्तूवर सर्वांत जास्त नफा सुटतो तिच्यावरच खर्च करा.