स्प्लिट रॉक दीपगृह बघायचंय? मग आधी खाली पाण्यापाशी जा

मिनेसोटात देशातून आईबाबा किंवा पाहुणे आले की आपण त्यांना एकदा तरी स्प्लिट रॉकला नेतोच, आणि बहुतेक वेळा होतं काय तर पार्किंगमधून थेट दीपगृहाशी, कड्यावर फोटो, अर्ध्या तासात परत गाडीत. प्लीज असं नका करू. लेक सुपिरिअर या अवाढव्य तलावाच्या काठावरचं हे दीपगृह १९१० चं आहे आणि इथला हायवे १९२४ चा, म्हणजे बांधलं तेव्हा रस्ताच नव्हता, विटेपासून लेन्सपर्यंत सगळं बोटीने आलं आणि कड्यावर चढवलं. तुम्हीपण तसंच खालून वर बघा.

खरी सुरुवात डुलुथ या बंदराच्या शहरात करायची. तिथे जहाजं तलावातून बंदरात शिरतात त्या कॅनलच्या पिअरवर (धक्क्यावर) जाऊन पाच मिनिटं नुसतं उभं राहा. तलाव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रंकाळा किंवा पवई येतो, पण लेक सुपिरिअर साधारण ८२ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पावपटीहून जास्तच, समोरचा काठ दिसत नाही. २८ नोव्हेंबर १९०५ च्या वादळात माताफा नावाचं जहाज याच कॅनलमध्ये शिरायला गेलं, पिअरवर आपटलं आणि मोडलं. काठावर हजारो माणसं शेकोट्या पेटवून रात्रभर उभी होती, जहाज अगदी समोर दिसत होतं, पण त्या लाटांत बोट घालणं शक्यच नव्हतं. नऊ जण गारठून गेले. त्या एका वादळात जवळपास तीस जहाजांची वाट लागली, त्यातली बरीच लोखंडाच्या खनिजाची ने-आण करणारी, मग जहाजवाल्या कंपनीने सरकारकडे तगादा लावला आणि १९०७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दीपगृहासाठी ७५ हजार डॉलर मंजूर केले.

आता हायवे ६१ ने ईशान्येला निघा, तासाभराचा रस्ता आहे. स्प्लिट रॉकच्या पार्कमध्ये शिरल्यावर आधी गोल्ड रॉक नावाचा कडा शोधा. त्याच वादळात मडीरा नावाचं ओढून नेत असलेलं जहाज सुटलं आणि या कड्यावर धडकत राहिलं. फ्रेड बेन्सन नावाच्या खलाशाने दोर घेऊन जहाजावरून थेट कड्यावर उडी मारली, तशा वादळात वर चढला आणि वरून दोर सोडून आठ जणांना काढलं, एकटा फर्स्ट मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) तेवढा वाचला नाही. मला विचाराल तर दीपगृह इथेच का, याचं उत्तर त्या कड्याखाली उभं राहिल्यावरच कळतं.

मग दीपगृहाचं तिकीट काढा (टायमिंग घरून निघायच्या आधीच चेक करा, हिवाळ्यात वेगळं असतं) आणि टॉवरकडे न जाता आधी तलावाकडच्या पायऱ्या उतरा. शंभराच्या वर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना वरच थांबू द्या. खाली जाऊन मान वर करा. कडा १३० फूट, त्यावर टॉवर ५४ फूट. इंजिनिअर राल्फ टिंकम यांच्या माणसांनी वर वाफेवर चालणारी क्रेन बसवली आणि सगळा माल बोटीवरून उचलून घेतला. पुढेही कितीतरी वर्षं रखवालदारांचं किराणा-केरोसिन बोटीनेच यायचं, १९१६ च्या सुमारास रुळांवरून माल वर ओढणारी ट्रॉलीची ट्राम झाली तेव्हा कुठे जरा सोपं झालं.

आता वर या आणि टॉवरमध्ये शिरा, इथे मात्र घाई नको. लेन्स पॅरिसहून आलेली फ्रेनेल लेन्स (काचेच्या खूप तुकड्यांची, उजेडाचा झोत करणारी), दोन शिंपले समोरासमोर ठेवावेत तशी, पाऱ्यावर तरंगते म्हणून एवढं वजन अलगद फिरतं. फिरवायला मोटर नव्हती, जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं यंत्र, टॉवरच्या मधोमध वजन खाली उतरत जायचं आणि दर दोन तासांनी कोणीतरी उठून ते परत वर गुंडाळायचं, रात्रभर. आतला दिवा म्हणजे आपल्याकडे वरातीत डोक्यावर घ्यायचे ना, त्या पेट्रोमॅक्सचाच मोठा भाऊ, केरोसिनची वाफ आणि मँटल. १९४० ला वीज आली आणि १००० वॉटचा बल्ब लागला. आजीआजोबा सोबत असतील तर त्यांनाच पेट्रोमॅक्स समजावून सांगायला लावा, मुलं कान देऊन ऐकतात.

शेजारी भोंग्याची इमारत आहे, धुक्यात दिवा दिसत नाही म्हणून भोंगा, तो १९६१ ला बंद झाला. जहाजांवर रस्ता शोधायची नवी यंत्रं आली आणि १९६९ ला दिवाही विझला. रखवालदाराचं घर शेवटी बघा, स्वयंपाकघर नीट बघा.

आणि जमलंच तर ही ट्रिप १० नोव्हेंबरला ठेवा. १९७५ ला त्या दिवशी एडमंड फिट्झगेराल्ड हे जहाज २९ जणांसकट याच तलावात बुडालं. दरवर्षी संध्याकाळी दीपगृहापाशी त्यांचं एकेक नाव वाचतात, प्रत्येक नावाला घंटा, शेवटची घंटा तलावात गेलेल्या सगळ्यांसाठी, आणि मग तो जुना दिवा पुन्हा लावतात. अंधारात टॉवरवर जायला मिळतं. गर्दी असते, लवकर पोचा, जाड जॅकेट टोपी हातमोजे सगळं घ्या, वारा भयंकर असतो. नंतर थोडं लांब जाऊन मागे वळून बघा आणि मोजा, दर दहा सेकंदांनी एक झोत येतो.