सेरेंगेटी-न्गोरोंगोरोची तंबूतली सफारी : या चुका टाळा

उत्तर टांझानियातील तरंगिरे, न्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी येथे तंबूत मुक्काम करत केलेली पाच-सहा दिवसांची सफारी लॉजमधल्या मुक्कामापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि जंगलाच्या अधिक जवळ नेते. ती फसते तेव्हा दोष बहुधा प्राण्यांना किंवा चालकाला दिला जातो. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक चुका सफारी जेथून निघते त्या अरुशा शहरात गाडीत बसण्याआधीच, कार्यक्रम आखताना झालेल्या असतात.

नकाशावरचे अंतर

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे थोड्या दिवसांत शक्य तितकी उद्याने कोंबणे. अरुशापासून सेरेंगेटीच्या मध्यावरील सेरोनेरापर्यंतचे अंतर सुमारे 320 किलोमीटर आहे. पुणे-नाशिकच्या हिशेबाने पाहणाऱ्याला ते एका सकाळचे वाटते. मात्र न्गोरोंगोरोच्या लोडुआरे प्रवेशद्वारानंतर डांबरी रस्ता संपतो, पुढे खडखडाट आणि धूळ सुरू होते आणि प्रवासाचे सात-आठ तास सहज होतात. चार दिवसांत चार ठिकाणे पाहू इच्छिणारा प्रवासी पहाटेची आणि सूर्यास्ताआधीची वेळ, म्हणजे प्राणी हालचाल करतात नेमकी तीच वेळ, रस्त्यावर घालवतो. वाटेवरचे मन्यारा सरोवराचे उद्यान वगळून सेरेंगेटीत एक रात्र वाढवणे, हा माझ्या मते जवळजवळ नेहमीच योग्य निर्णय ठरतो.

याला जोडूनच परवान्याचा प्रश्न येतो. ताडोबात सकाळची आणि दुपारची फेरी ठरलेली असते, फेरी संपली की आपण बाहेर पडतो. सेरेंगेटीत आपण उद्यानाच्या आतच झोपतो आणि प्रवेशशुल्क 24 तासांच्या हिशेबाने आकारले जाते. दुपारी दोन वाजता नाबी हिल प्रवेशद्वारातून आत गेलेल्या गाडीने दोन रात्रींनंतर दुपारी दोनच्या आत बाहेर पडणे अपेक्षित असते. उशीर झाल्यास पुन्हा शुल्क भरावे लागू शकते. शेवटच्या दिवशी सिंहांजवळून गाडी काढण्याची घाई चालक का करतो, याचे उत्तर पुष्कळदा या वेळेत असते. त्यामुळे प्रवेशाची वेळ काय ठरली आहे, हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे. वाटेवरच्या करातू गावाकडून सेरेंगेटीला जाताना न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्र ओलांडावे लागते आणि त्याचे शुल्क परतीच्या वाटेवरही लागते. स्वस्त दिसणाऱ्या दरपत्रकात हे शुल्क आणि न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात उतरण्यासाठी गाडीमागे घेतले जाणारे वेगळे शुल्क धरले आहे का, ते लेखी घ्यावे.

महिना एक, प्राणी दुसरीकडे

विल्डबीस्ट या गवत खाणाऱ्या, कळपाने राहणाऱ्या प्राण्याच्या स्थलांतराची चित्रे पाहून ऑगस्टची सहल ठरवणारे आणि सर्व रात्री सेरोनेरात आरक्षित करणारे बरेच आढळतात. सुमारे 13 ते 15 लाखांचे हे कळप वर्षभर पावसामागे फिरत असतात. साधारण जानेवारी ते मार्च ते दक्षिणेकडील न्दुतूच्या गवताळ मैदानांत असतात आणि तेथेच पिलांचा जन्म होतो; मारा नदी ओलांडण्याचे प्रसंग जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास, उत्तर टोकाच्या कोगातेंदे भागात घडतात. सेरोनेराहून तेथे जाऊन त्याच दिवशी परतणे दमवणारे आणि बहुधा निष्फळ ठरते. सेरोनेराची खरी ओळख वर्षभर दिसणारे सिंह आणि नदीकाठच्या झाडांवरचे बिबटे ही आहे. तेवढ्यावर समाधान असेल तर महिना फारसा आड येत नाही.

एप्रिलमध्ये मात्र येतो. मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. तेथील अनेक भागांत आपल्या दख्खनसारखीच चिकट काळी माती आहे आणि ओल्या काळ्या मातीत चारचाकी काय करते, हे विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला सांगायला नको. या दिवसांत दर उतरतात. त्या बदल्यात रुतलेल्या गाडीसाठी काही तास राखून ठेवावे लागतात.

केनिया आणि टांझानिया एकत्र करणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. केनियातील मसाई मारा आणि सेरेंगेटी हे सलग जंगल असले तरी दोन उद्यानांमधून थेट सीमा ओलांडणे पर्यटकांसाठी बंद आहे. इसेबानिया किंवा नामांगा येथील सीमा चौकीला वळसा घालावा लागतो आणि त्यात जवळपास एक दिवस जातो. ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांपुरता आहे. टांझानियाचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. केनियात मुक्काम होणार असेल तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरले जाते आणि ते नसल्यास भारतात परतल्यावर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. हिवतापाच्या गोळ्यांबाबतही डॉक्टरांशी त्याच वेळी बोलून घ्यावे.

कुंपण नसलेली रात्र

सेरोनेरातील सार्वजनिक तंबूस्थळांना कुंपण नाही. तेथे स्वयंपाकघराला आणि जेवणाच्या जागेला जाळी लावलेली असते, यावरून आपण काय समजायचे ते समजावे. तरीही घरून आणलेले ठेपले, लाडू आणि केळी रात्री तंबूत उशाशी ठेवणारे प्रवासी असतात. वास येणारी प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, गाडीत किंवा जाळीबंद खोलीत ठेवावी. बूट बाहेर ठेवू नयेत, कारण तरसाला चामडे आवडते. तंबूची चेन दिवसाही पूर्ण लावावी, नाहीतर माकडे आत शिरतात. झोपण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे. रात्री जावेच लागले तर सोबतच्या व्यक्तीला उठवावे, तंबूतूनच विजेरीचा प्रकाश सर्व बाजूंनी फिरवावा आणि चमकणारे डोळे दिसल्यास आत थांबून चालकाला हाक मारावी. तंबूजवळ हत्ती आला तर बाहेर येऊन छायाचित्र घेण्याचा मोह आवरावा. न्गोरोंगोरोच्या कड्यावरील सिम्बा तंबूस्थळी हत्ती पाण्याच्या टाकीवर येतात, तेथे हा प्रसंग मुळीच दुर्मीळ नाही.

याच सिम्बा तंबूस्थळी दुसरी फजिती थंडीमुळे होते. विषुववृत्ताजवळचा आफ्रिका म्हणजे उकाडा, असे गृहीत धरून लोक सुती कपडे घेऊन येतात. हा कडा 2,200 मीटरहून उंच आहे आणि जून ते ऑगस्टमध्ये रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाते. कंपनीने दिलेली स्लीपिंग बॅग किती तापमानापर्यंतची आहे, हे विचारावे आणि लोकरी टोपी, मोजे व जाड स्वेटर न्यावा.

कपड्यांचा रंगही महत्त्वाचा आहे. तरंगिरेत आणि सेरेंगेटीच्या पश्चिम भागात त्सेत्से माश्या असतात, त्या गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढल्या जातात, पातळ कापडातूनही चावतात आणि नेहमीच्या डासरोधक मलमांना फारशा जुमानत नाहीत. निळी जीन्स घरीच राहू द्यावी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात जून 2019 पासून बंदी आहे, तेव्हा खाऊ कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरावा.

शाकाहारी असल्यास केवळ ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नये. अंडी, मासे, कांदा-लसूण यांपैकी काय चालते, हे निघण्याआधी आचाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, कारण सामान अरुशात भरले जाते आणि करातूनंतर बाजार नाही. न्गोरोंगोरोच्या विवरात न्गोइतोकितोक या जेवणाच्या थांब्यावर दुपारचा डबा गाडीतच बसून खावा; तेथल्या घारी हातातला घास उचलून नेतात.

चित्ता दूर दिसला की रस्ता सोडून गाडी जवळ नेण्याचा आग्रह चालकाला करू नये. सेरेंगेटीच्या मध्य भागात ते नियमबाह्य आहे आणि दंड चालकाला होतो, प्रवाशाला नाही. त्यापेक्षा कुटुंबात एकच दुर्बीण नेण्याची काटकसर टाळावी. गाडीच्या उघड्या छतातून चौघे एका दुर्बिणीची वाट पाहत उभे राहतात आणि तिसऱ्याच्या हाती ती पडेपर्यंत चित्ता गवतात बसलेला असतो.