मुलांना तळ्याकाठी नेण्याआधी

मुलांना निसर्ग निरखायला आणि त्याविषयी प्रश्न विचारायला नेणार असाल, तर सगळ्यात आधी जागा ठरवा, आणि ती जवळची असू द्या. दूरच्या अभयारण्यात मुलं पाहुण्यासारखी वावरतात. मोठा प्राणी दिसला नाही की हिरमुसतात. चालत जाता येईल असं तळं, ओढा, पडीक मैदान, नाहीतर रस्त्याकडेचं एखादं जुनं झाडसुद्धा चालेल. कसोटी एकच: या जागेचं काय करायचं हे कुणीतरी ठरवत असलं पाहिजे. काठावर दिवे लावायचे का, गवत कधी कापायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, असे निर्णय जिथे होतात तिथे मुलांचा प्रश्न कुणाच्या तरी टेबलापर्यंत पोचू शकतो. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मुलांना ज्या वेळी नेणार, त्याच वेळी आधी एकटे जाऊन या. पाणी किती खोल आहे, काठ कुठे निसरडा आहे, मधमाश्यांचं पोळं आहे का, स्वच्छतागृह किती लांब, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला कुठपर्यंत येता येईल, हे डोळ्यांनी पाहा. परवानगी लेखी घ्या. जागेची मालकी कुणाची, देखभाल कुणाकडे, पाण्याची जबाबदारी कुणावर, याची माहिती काढून ठेवा. बऱ्याचदा ही तीन उत्तरं वेगवेगळी निघतात. ही उत्तरं मात्र लगेच मुलांना देऊ नका. फलक वाचून, तिथे काम करणाऱ्यांना विचारून त्यांनी स्वतः शोधावं. पालकांकडून ॲलर्जी, औषधं आणि भीती यांची नोंद घ्या. कोळ्याला घाबरणारं मूल गटात असणारच. त्याची थट्टा होऊ द्यायची नाही.

सामान थोडंच घ्या. वही, शिसपेन्सिल (शाईसारखी ती पाण्याने फिसकटत नाही), भिंग, मोजपट्टी आणि प्रत्येक गटाला चार मीटर सुतळी. सुतळीचा एक मीटरचा चौकोन करून गवतावर ठेवला की मुलं तेवढ्याच तुकड्यात अर्धा तास रमतात. दुर्बीण एखादी पुरे. मोबाइल मोठ्यांपैकी एकाकडेच राहू द्या. प्रथमोपचाराची पेटी अर्थातच हवी.

वहीत आदल्या दिवशीच तीन रकाने आखून घ्या: पाहिलं, वाटलं, विचारायचंय. बगळा एका पायावर उभा आहे, हे पाहिलं. त्याला थंडी वाजत असेल, हे वाटलं. तो पाय किती वेळाने बदलतो, हे विचारायचंय, आणि याचं उत्तर घड्याळ लावून तिथेच बसलं तर मिळतं. हा फरक वर्गात दोन-तीन उदाहरणांवर घटवून घ्या. ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांत फरक करायची सवय लागली, की तेच मूल उद्या बातमी वाचतानाही थबकेल. झाडाच्या सालीवरचं दगडफूल (बुरशी आणि शैवाल एकत्र वाढून झालेला थर) या सरावासाठी फार चांगलं. त्याच्या कित्येक जाती हवेतल्या प्रदूषणाला लगेच बळी पडतात, म्हणून रहदारीच्या बाजूच्या आणि आतल्या झाडांवरची तुलना करून पाहता येते. फरक दिसला, तरी त्याची आणखी कोणती कारणं असू शकतील, हे विचारायला विसरू नका.

तुमची स्वतःची अवघड तयारी म्हणजे गप्प राहण्याची. नाव सांगितलं की मूल मान डोलावतं आणि पुढे जातं. म्हणून माहितीऐवजी प्रश्न घेऊन जा: हा इथेच का बसलाय? काल इथे काय असेल? याला कुणाची अडचण होत असेल? आणि ‘मलाही माहीत नाही, कसं शोधायचं?’ हे वाक्य मनापासून म्हणता यायला हवं.

नियम मुलांनीच करावेत, चर्चा करून आणि मत देऊन. पण तीन गोष्टी मतदानाला ठेवू नका: घरट्याजवळ जायचं नाही, उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, जिवंत काही घरी आणायचं नाही. का, ते नीट सांगा. सतत त्रास झाला तर काही पक्षी घरटं सोडून देतात, आणि दगडाखालचा ओलावा हेच तिथल्या जिवांचं घर असतं. मग मुलं विचारतील, आम्ही सगळ्यांनी हात वर केले तर? तेव्हा घाई करू नका, तिथेच थांबून बोला. ज्याला मत देता येत नाही त्याचं घर बहुमताने काढून घेता येतं का, या प्रश्नावर दहा वर्षांची मुलंही तासभर वाद घालतात.

मतदानाआधी सांगायला दोन गोष्टी तयार ठेवा. मधमाश्यांचा थवा नवं घर निवडतो तेव्हा राणी निर्णय घेत नाही. शोधक माश्या जागा पाहून येतात आणि नाचून दिशा, अंतर सांगतात. जागा जितकी चांगली तितका नाच जास्त. इतर माश्या स्वतः जाऊन खात्री करतात, आणि एका जागी पुरेशा जमल्या की थवा निघतो. दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशातल्या रानकुत्र्यांची. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की जमलेली कुत्री जितकी जास्त शिंकतात तितकी कळप शिकारीला निघण्याची शक्यता वाढते. मात्र वरचढ नर-मादी पुढाकार घेत असतील, तर कमी शिंका पुरतात. सगळ्यांचं मत सारखं मोजलं जातं का, हे मुलं आपणहून विचारतात. फक्त प्राणी करतात म्हणून ते योग्य, असा निष्कर्ष त्यांना काढू देऊ नका.

पक्ष्यांची मोजणी करणार असाल तर तिचा इतिहासही सांगा. उत्तर अमेरिकेत नाताळात गट पाडून जास्तीत जास्त पक्षी-प्राणी मारण्याची स्पर्धा असे. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी मारण्याऐवजी मोजायचं सुचवलं, आणि २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी पहिली गणना केली. ती आजही दरवर्षी होते. मुलांच्या नोंदी कुठे पाठवणार असाल, तर दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा उघड करू नका.

परतल्यावरच्या कामाचा वेळही आधीच राखून ठेवा. काठावरचा दिवा पतंगांना आणि काही वटवाघळांना त्रासाचा, पण रात्री तिथून घरी जाणाऱ्या बाईला तो हवा असतो. अशा व्यक्तीला आणि देखभाल करणाऱ्याला बोलवा, दोघांचं ऐकू द्या. मग निर्णय घेणाऱ्यांना पत्र: आधी काय पाहिलं, कधी आणि किती, मग एकच मागणी. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं बारावं कलम सांगतं, की मुलांशी संबंधित बाबींत त्यांना मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वय व समज पाहून महत्त्व मिळालं पाहिजे. मुलांना हे कलम वाचून दाखवा.

पत्राची प्रत ठेवा, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र कोण लिहिणार हे गटात ठरवून टाका. नकार आला तर त्यातलं कारण मुलांसोबत वाचा; ते पटण्यासारखंही असू शकतं. पुढची फेरी वेगळ्या ऋतूत ठेवा, जागा तीच.