बारा मिनिटांत सडा दाखवायचा कसा?

आमच्याकडची एम.एस्सी. आणि पीएच.डी.ची मुलं कोकणातल्या नि साताऱ्याकडच्या कातळसड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाच्या सपाट पठारांवर, काम करतात, आणि वर्षभराने कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, परिषदेला पाठवलेला अॅबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) निवडला गेलाय, आता टॉकची तयारी कशी करू?’ बंगळुरूची ‘स्टुडंट कॉन्फरन्स ऑन कॉन्झर्वेशन सायन्स’ २०१० पासून भरते. तिची मूळ परिषद केंब्रिजला २००० साली सुरू झाली. तिथे बोलणारे विद्यार्थीच असतात, पण ऐकायला तुमच्या विषयातली जाणती मंडळी येऊन बसतात. त्यांच्यासमोर बारा मिनिटं मिळाली, तर ती कशी वापरायची ते सांगते.

सगळ्यात आधी जागा दाखवा. सभागृहातल्या बहुतेकांनी सडा पाहिलेला नसतो. सरकारी कागदावर तो अनेकदा ‘पडीक’ असतो. म्हणून पहिल्या स्लाइडवर एकाच जागेचे, एकाच कोनातून काढलेले दोन फोटो लावा: मार्चमधला भाजून काळा पडलेला कातळ आणि ऑगस्टमधली त्यावरची फुलं नि डबकी. फोटोवर मजकूर नको. तीस सेकंद त्यावरच बोला: माती किती पातळ आहे, पाणी कुठे साचतं, कधी आटतं. मग पुढचा प्रत्येक आकडा ऐकणाऱ्याला त्या कातळावर ठेवता येतो.

त्यानंतर प्रश्न, एका वाक्यात. ‘सड्यांवरील उभयचरांच्या विविधतेचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. ‘लवकर आटणाऱ्या डबक्यात बेडूक अंडी घालायचं टाळतात का?’ हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं आणि ऐकणारा उत्तराची वाट बघतो.

कामाची साखळी कशी मांडावी याचा उत्तम नमुना साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेलं हे काम मी प्रत्येक नव्या बॅचला समजावून सांगते. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त; आणि त्या सरड्यांच्या रक्तात तणावाचं संप्रेरक कमी, माणूस बराच जवळ गेला तरच पळणार. बघा, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. तुमच्या टॉकमध्ये अशी एकच साखळी ठेवा. बाकीचे निकाल कितीही प्रिय असले तरी ते प्रबंधात जाऊ देत. मला स्वतःला पूरक निकालांनी भरलेला टॉक ऐकताना वाईट वाटतं, कारण त्यामागे पावसात भिजून काढलेले दिवस असतात आणि लक्षात काहीच राहत नाही.

आलेख आला की घाई करू नका. आधी अक्ष मोठ्याने वाचा: ‘आडव्या अक्षावर डबक्याची खोली, सेंटिमीटरमध्ये. उभ्या अक्षावर अंड्यांचे पुंजके. एक ठिपका म्हणजे एक डबकं.’ मग थांबा, आणि त्यानंतर निष्कर्ष सांगा. लाल-हिरव्याची जोडी टाळा, काहींना तो फरक दिसत नाही. निळा आणि नारिंगी चालतात. फक्त पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) सांगून सोडू नका, फरक केवढा आहे तेही सांगा.

प्रश्नोत्तरांत हमखास येणारा प्रश्न नमुन्यांचा असतो. एका सड्यावरची तीस डबकी म्हणजे तीस सडे नव्हेत. तुमचा निष्कर्ष डबक्यांबद्दल आहे की सड्यांबद्दल, हे घरून ठरवूनच निघा. प्रश्न कळला नाही तर तो आपल्या शब्दांत परत म्हणा आणि ‘असंच विचारताय ना?’ असं विचारा. उत्तर डेटात नसेल तर ‘हे आम्ही मोजलेलं नाही’ एवढं म्हणायला कचरू नका.

इंग्रजीची धास्ती बऱ्याच जणांना असते. आधी पूर्ण टॉक मराठीत द्या, तोही जीवशास्त्र न शिकलेल्या माणसासमोर. जिथे तो अडखळेल तिथे अडचण भाषेची नसते, मांडणीची असते. ती दुरुस्त झाली की इंग्रजीत उतरवा. सुरुवातीची दोन वाक्यं तेवढी पाठ करा. शास्त्रीय नावं मोठ्याने म्हणून बघा. घड्याळ लावून अकराव्या मिनिटाला संपेल असं बसवा.

पोस्टर असेल तर आयोजकांनी दिलेलं माप आणि उभं-आडवं आधी तपासा. ए-झीरो म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. कापडावर छापून घेतलं की घडी घालून बॅगेत जातं, रेल्वेत नळकांडं सांभाळावं लागत नाही. मुख्य निष्कर्ष वर, मोठ्या अक्षरात, पूर्ण वाक्यात.

एका बाबतीत मी कडक आहे. कंदीलपुष्पाच्या काही जाती फार थोड्या ठिकाणी उगवतात. अशा वनस्पतीचे किंवा प्राण्याचे नेमके अक्षांश-रेखांश स्लाइडवर टाकायचे नाहीत, तालुका पुरे. फोटोतही ओळखू येईल असं देऊळ, टॉवर किंवा वळण असेल तर फोटो बदला. स्लाइडचे फोटो समोर बसलेले सगळेच काढतात.

आभाराच्या स्लाइडवर वनविभागाची परवानगी आणि निधी येतोच. पण पहाटे वाट दाखवणारा गुराखी, सड्याचे मालक, जेवण देणारं घर यांची नावं त्यांना विचारून घाला, आणि ती वाचून दाखवा. परत आल्यावर तेच सादरीकरण मराठीतून गावच्या शाळेत करा, आलेख कमी आणि फोटो जास्त ठेवून. मे महिन्यात संध्याकाळी ठेवलंत तर मुंबईहून आलेली चाकरमानी मंडळीही बसतात, आणि सडा विकायचा की ठेवायचा यात बरेचदा त्यांचाही शब्द असतो.